मधल्या चौथऱ्यावरची वस्तू

ज्या वस्तूचा जगाला एकच उपयोग ठाऊक आहे, तिचा दुसरा उपयोग शोधून काढण्यासाठीच परमेश्वराने आमच्या या शेजाऱ्यांना जन्मास घातले असावे, असे माझे अनेक वर्षांचे मत आहे. आणि परमेश्वरावर त्यांचा विश्वास नसल्यामुळे ते त्यांच्यासमोर मांडण्याचा योग अद्याप आलेला नाही. नांदेडातील एकाच शाळेत मी संस्कृत शिकवीत असे आणि ते चित्रकला. निवृत्तीनंतरही शिक्षक वसाहतीत आम्ही भिंतीला भिंत लावून राहतो. मी त्यांना ‘सर’ म्हणतो, ते मला ‘गुरुजी’ म्हणतात, आणि याहून अधिक जवळीक दाखविणारे संबोधन आम्हा दोघांनाही जमलेले नाही. त्यांचे घराणे लातूर जिल्ह्यातल्या जळकोटकडचे, बौद्ध. आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबले आणि मुलाला शिकविले. सर अविवाहित आहेत. त्यांच्या घरी बुद्धांची एक तसबीर आहे, आणि साऱ्या घरात सरळ टांगलेली तेवढी एकच वस्तू आहे. बाकी सर्व तिरपे, उलटे किंवा छताला बांधलेले असते.

शाळेच्या वेळापत्रकात त्यांच्या तासामागून माझा तास येई. एकदा वर्गात शिरतो तो सगळे बाक पाय वर करून पडलेले, आणि चाळीस मुले जमिनीवर बसून त्यांची चित्रे काढीत असलेली. सर शांतपणे म्हणाले, “वरची बाजू रोजच बघायलेत गुरुजी. बाक खालून कसा दिसतो, ते फकस्त बाकालाच ठाऊक.” घंटा झालेली असल्यामुळे बाक सुलटे करण्यात वेळ न दवडता मी त्या उभ्या पायांच्या रानात बसूनच शब्दरूपे शिकविली. यज्ञमंडपातील खांबांमध्ये बसल्यासारखे वाटत होते, आणि मुलांचे लक्ष नेहमीपेक्षा बरे होते हेही नमूद केले पाहिजे.

कागद आणि रंग ही चित्रकलेची साधने आहेत हे सरांना मान्य होते, पण तेवढीच आहेत हे मान्य नव्हते. वसाहतीतल्या सकाळी साडेनऊच्या कुकरच्या शिट्ट्या त्यांनी महिनाभर टेपरेकॉर्डरवर साठविल्या आणि स्नेहसंमेलनात दिवे मालवून ऐकविल्या. तिसऱ्या शिट्टीला महिलावर्गात चुळबूळ सुरू झाली, पाचव्या शिट्टीला माझी पत्नी नकळत उठून उभी राहिली, आणि सातव्या शिट्टीला मुख्याध्यापकांच्या सौभाग्यवती अंधारातून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “अगं, बंद करा कुणीतरी, डाळ करपली.” सर मागे उभे राहून डोळे मिटून ऐकत होते. नंतर मला म्हणाले, “गुरुजी, माझं चित्र बघून आजवर कुणी जागचं हललं न्हाई. आज बाया उठून उभ्या राहिल्या.”

भोकरला शिक्षकांचा मेळावा होता तेव्हा त्यांनी कडब्याच्या पेंढ्यांची पुरुषभर उंचीची एक कमान उभारली होती. उद्घाटनास शिक्षणाधिकारी साहेब यावयाचे होते, त्यांच्या आधी गुरे आली. फीत तेवढी शिल्लक राहिली होती, ती दोन शिक्षकांनी दोन्ही टोकांनी धरली, आणि साहेबांनी ती मोकळ्या हवेत कापली. सर मात्र अत्यंत प्रसन्न होते. “तीन गाई आणि एक वासरू,” ते मला म्हणाले, “अर्धं सोडून कुणीच गेलं न्हाई.” जळकोटच्या बसस्थानकावर तर त्यांनी चाळीस हात मांजरपाट अंथरला होता, हेतू हा की येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांचे ठसे त्यावर उमटावेत. परंतु अंथरलेले पांढरे कापड पाहून प्रत्येक चालक गाडी वळवून बाहेर नेई. एक वाहक खाली उतरून विचारता झाला, “कुणाचं लगीन हाय?” सर म्हणाले, “लगीन न्हाई, वरून गाडी न्या.” वाहक म्हणाला, “नव्या कपड्यावरून? पाप लागंल की ओ.” अखेर एक चालक कसाबसा तयार झाला, पण त्याने आधी चपला काढून ठेवल्या आणि मगच आपली सगळी बस त्या कापडावरून नेली.

सरांनी आपली एकही कलाकृती कधी विकली नाही. ते ती देऊन टाकीत. कोणास द्यावयाची हे ते मनाशी ठरवीत आणि त्या माणसाने आनंद दाखविण्यापूर्वीच निघून जात. दिलेल्या वस्तूविषयी पुन्हा चकार शब्द काढावयाचा नाही, हा त्यांचा कडक नियम होता. ती कोठे टांगली, टांगली की नाही, हे ते कधी विचारीत नसत. “दिली म्हणजे ती तिच्या घरी गेली,” ते म्हणत. “सासरी गेलेल्या लेकीला सारखं सारखं विचारू नये.” त्यामुळे ज्या घरांत त्या वस्तू गेल्या, त्या घरांनी त्यांना आपापल्या गरजेप्रमाणे वळण लावले. पत्रा आणि डांबर यांचे एक भले मोठे चित्र आमच्या गवळ्याच्या गोठ्याचे दार झाले. दोऱ्यांचे एक विणकाम कोणाच्या गच्चीवर सांडगे-पापडांवरची जाळी झाले. हे सरांना ठाऊक होते, आणि त्यांचा मुळीच रोष नव्हता.

गेल्या वर्षी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, जी आता लातूरला कलामहाविद्यालयात शिकविते, हातात वही घेऊन आली आणि म्हणाली की सरांच्या आजवरच्या सर्व कामाचे एक सिंहावलोकनी प्रदर्शन लातूरला भरवावयाचे ठरले आहे, दहा दिवस. मला फार समाधान वाटले. सिंह थोडे अंतर चालून गेला की थांबतो आणि मान वळवून मागच्या वाटेकडे पाहतो, त्यावरून हा शब्द आला, असे मी त्या बाईंना समजावून सांगितले. सर ऐकत होते. म्हणाले, “सिंह कुठला गुरुजी. माझं म्हंजी शेळीनं मागं वळून बघणं हाय. कुणी दगूड मारायलंय का, तेवढंच बघती ती.” तरीही त्या संध्याकाळी ते अंगणात बराच वेळ येरझारा घालीत होते. चाळीस वर्षे लोक त्यांच्या कामाला हसले, आणि तेही लोकांबरोबर हसले. पण आपल्या जिल्ह्यात, आपल्या भाऊबंदांसमोर, सारे काम एकदा ओळीने मांडले जावे, ही इच्छा त्यांना होती. ती त्यांनी बोलून दाखविली नाही, म्हणूनच मला ती स्पष्ट दिसली.

मग वसुलीचा काळ सुरू झाला. बाई यादी वाचीत आणि सर लाजत लाजत एकेका दारात उभे राहत. गवळी म्हणाला, “सर, दार न्यायचं तर न्या, तुमचंच हाय. पण म्हशी आत कशा ठिवू? तुमचं प्रदर्शन धा दिवस, म्हैस धा दिवस दम धरती व्हय?” सरांनी थोडा विचार केला, घरी गेले, आणि स्वतःच्या घराचे पुढचे दार बिजागऱ्यांसकट काढून गोठ्याला लावून दिले. त्यांच्या दाराला पुढे कित्येक दिवस एक पलंगपोस लोंबत होता. मी काळजी व्यक्त केली तेव्हा म्हणाले, “चोरण्यासारखं जे हुतं, ते लातूरला चाललंय.” त्या पत्र्याच्या चित्रावर म्हशींनी अंग घासघासून एका बाजूचे डांबर गुळगुळीत केले होते. बाई ते पाहून खिन्न झाल्या. सर मात्र चष्मा पुसून जवळून पाहत म्हणाले, “हे मला साधलं नव्हतं. म्हशीला साधलं.”

या धामधुमीत एके सकाळी सर आमच्या पुढच्या खोलीत येऊन बसले, चहा संपवला, तरी उठेनात. शेवटी पायांकडे पाहत म्हणाले, “गुरुजी, मी नियम मोडायलोय. तुम्हाला दिलेलं एक काम हुतं. ते हाय का?” मी चकित झालो. त्यांनी मला कधी काही दिल्याचे मला स्मरत नव्हते. ते म्हणाले, “तेवीस वर्षं झाली. तुम्ही किनवटला गेला हुता. वहिनींपाशी ठिवलं, कागदात गुंडाळून.” बाईंनी मला एक जुने छायाचित्र दाखविले. काळसर, गोल, डोक्याएवढा एक मातीचा गोळा. ना नाक ना डोळे, डावीकडे अंगठ्याने दाबल्यासारखा एक उथळ खळगा. बाई म्हणाल्या की प्रदर्शनाच्या मधल्या चौथऱ्यावर हीच वस्तू राहील, बाकी सर्व तिच्याभोवती मांडले जाईल. मी सरांकडे पाहिले. ते म्हणाले, “आई गेली त्या आठवड्यात केलं. ज्या शेतात ती मजुरीला जायची, त्याच्या बांधाची माती. वीटभट्टीत भाजलं. तेवढं एकच काम असं हाय गुरुजी, जे मी कुणाला चकवायला केलं न्हाई.” मला का दिले, असे मी विचारले. “तुम्ही वस्तू टाकून देत न्हाई म्हणून,” ते म्हणाले.

यानंतर माझ्या मनाची जी अवस्था झाली तिचे वर्णन मी करणार नाही. पत्नीला काही न सांगता दोन दिवस मी घर शोधले. माळे, ट्रंका, पोथ्यांचे कपाट, न्हाणीघरामागची अडगळ, सर्व पालथे घातले. तिसऱ्या दिवशी पत्नी म्हणाली, “अहो, नुसती धूळ कसली उडवता? ते चित्र तरी दाखवा मला.” मी छायाचित्र तिच्या हाती दिले. तिने ते दूर धरले, जवळ धरले, आणि मग आपल्या पदराने त्यावरची नसलेली धूळ पुसून अत्यंत हळू आवाजात म्हणाली, “ही तर आपली देवी.”

येथे थोडा मागचा वृत्तान्त सांगणे प्राप्त आहे. किनवटच्या एका आश्रमशाळेत शिकविणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने मला डोंगरातला एक तांदळा, म्हणजे देवीचे निराकार पाषाणरूप, पाठवून देण्याचे कबूल केले होते. त्याच सुमारास मी किनवटला गेलो असता चुकामूक होऊन तो भेटला नाही, आणि घरी परतलो तो देवघरापाशी कागदात गुंडाळलेली जड, गोल वस्तू. “माझ्यासाठी कुणी देऊन गेलं का,” असे मी विचारले. “हो, देऊन गेले,” असे पत्नीने सांगितले. कोण, हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही, कारण दुसऱ्याला ते ठाऊकच असल्याची आम्हा दोघांनाही खात्री होती. विद्यार्थ्याला मी आभाराचे पत्र लिहिले. त्याने काही पाठविले नसूनही बहुधा ते माझे मोठेपण समजून ‘सर्व आपलाच आशीर्वाद’ असे उत्तर पाठविले. मी मुहूर्त पाहून यथाविधी प्रतिष्ठापना केली. भाजलेली माती मी पाषाण समजलो, कारण पहिल्याच दिवशी तिच्यावर शेंदूर चढला आणि मग आत काय आहे हे पाहण्याचे कारण उरले नाही. पत्नीने सराफाकडून चांदीचे डोळे करवून आणले. त्या डावीकडच्या खळग्यात मी रोज एक फूल ठेवीत असे. देवीने तो त्यासाठीच घडविला असावा, अशी माझी समजूत होती.

आणि सरांना यातले काही कळले नाही, कारण ते नेहमी पुढच्या खोलीत बसत. त्यांना देवाशी काम नाही, म्हणून मी त्यांना कधी देवघरात बोलाविले नाही, असे मी स्वतःला सांगत आलो होतो. त्या दिवशी वाटले की कारण काहीही असो, तेवीस वर्षांत मी बोलाविले नव्हते, हे खरे.

त्या दिवशी बोलाविले. ते दाराशी थबकले, पाय पुसले, आत आले आणि खाली बसले. दिवा जळत होता. लाल, तकतकीत, डोळे वटारलेली ती वस्तू त्यांच्याकडे पाहत होती आणि ते तिच्याकडे. थोडे पुढे वाकून त्यांनी विचारले, “डोळे कुणी लावले?” मी म्हणालो, “हिने.” ते म्हणाले, “बरोबर बसलेत.” मग ते हसू लागले. आधी ओठांत, मग खांदे हलेपर्यंत. “गुरुजी,” ते डोळे पुसत म्हणाले, “माझ्या बापानं दीक्षा घेतली, तवा घरातले समदे देव ओढ्यात सोडले. एक ठिवला न्हाई. आन् मी काय केलं बघा. शेजाऱ्याच्या घरात नवा देव करून ठिवला.” पत्नी दारात उभी होती, ती अपराधी स्वरात म्हणाली, “माझीच चूक झाली भाऊजी.” ते म्हणाले, “चूक कसली वहिनी. तुमच्या इथं कुणी हसलं न्हाई त्याला.” आणि उठताना, जणू उधार मागितलेली वाटी परत नको असे सांगावे तसे, म्हणाले, “असू द्या. मी न्हाई नेत. मधला चौथरा रिकामा ठिवू. रिकामा चौथरा पण बरा दिसतो.”

बरा दिसला नसता. ते त्यांना ठाऊक होते आणि मलाही.

प्रथम मी असा तोडगा सुचविला की मी देवीबरोबर लातूरला जावे आणि दहा दिवस रोज सकाळी प्रदर्शनातच पूजा करावी. पूजेत खंड पडणार नाही आणि चौथराही भरेल. सरांनी हे आदराने ऐकून घेतले. मग म्हणाले, “गुरुजी, माझी आक्का येणार हाय. भावकी येणार हाय. माझ्या बापाच्या नावची माणसं. त्यांच्या म्होरं माझ्या प्रदर्शनात घंटी वाजली, तर मी त्यांना काय सांगू?” त्यांच्या म्हणण्यात उणे काढण्यासारखे काही नव्हते. तेव्हा एकच मार्ग राहिला, उत्तरपूजा. देवतेची क्षमा मागून तिला स्वस्थानी जाण्याची प्रार्थना करावयाची, अक्षता वाहावयाच्या आणि मूर्ती जागची किंचित हलवावयाची. त्यानंतर मागे उरते ती केवळ माती. प्रश्न होता तो पुढचा. अशी मूर्ती पाण्यातच सोडली पाहिजे काय, हे मी दोन दिवस ग्रंथांत शोधीत होतो, आणि मला हवे तेच सापडावे म्हणून शोधीत होतो, हे कबूल करतो. गोदावरीत जे सोडता येते ते लातुरात का सोडता येऊ नये, असा विचार मी पत्नीपुढे मांडला. ती म्हणाली, “लातूरला विसर्जनाला पाणी तरी कुठंय?” पण असे म्हणताना ती नैवेद्याच्या पुरणासाठी डाळ निवडीत होती, त्यावरून तिची संमती मला कळली.

उत्तरपूजा मी नेहमीपेक्षा सावकाश केली. क्षमाप्रार्थना मला लहानपणापासून मुखोद्गत आहे. त्या दिवशी दोनदा अडखळलो. अक्षता वाहून दोन्ही हातांनी ती उजवीकडे बोटभर सरकविली. खाली लाकडावर एक पांढरट वर्तुळ उमटले होते. तेवीस वर्षांत तेवढ्या जागेवर धूळ बसली नव्हती.

सर ती न्यावयास आले, तेव्हा बाईंनी सांगितले की महाविद्यालयात एक जाणकार आहेत, ते शेंदूर आणि तेल अलगद काढून मूळचा पृष्ठभाग मोकळा करतील. सरांनी चमकून त्यांच्याकडे पाहिले. “म्हशीचं डांबर ठिवायलाव,” ते म्हणाले, “आन् गुरुजींचा शेंदूर काढायलाव?” बाईंनी वही उघडून विचारले, मग माध्यम काय लिहावयाचे. सरांनी सांगितले आणि माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतले: काळी माती, भट्टीचा जाळ, शेंदूर, तेल, चांदी, तेवीस वर्षे. कालाला माध्यम म्हणता येईल काय याविषयी माझ्या मनात शंका होती. पण ते शास्त्र माझे नव्हे, म्हणून मी ऱ्हस्वदीर्घ तेवढे पाहिले.

प्रदर्शनाला माणसे पुष्कळ आली. मांजरपाट एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेला होता, त्यावर त्या एकाच बसचा अनवाणी प्रवास उमटलेला होता. कुकरच्या शिट्ट्या एका कोपऱ्यात वाजत, आणि त्या कोपऱ्यात स्त्रिया फार वेळ थांबत नसत. पण खरी कसोटी मधल्या चौथऱ्याची होती. पहिल्याच सकाळी कोणीतरी तेथे एक रुपया ठेवला. दुसऱ्याने चपला काढल्या, आणि बाहेरच्या दाराशी ढीग सुरू झाला. सर हवालदिल होऊन चौथऱ्याशेजारी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, “देव गेलेला हाय बरं का. रीतसर पाठवलाय. इचारा गुरुजींना.” मी मान डोलावीत असे. एक म्हातारी त्यांना म्हणाली, “गेलाय म्हन्ता, मग डोळे कशापायी उघडे ठिवलेत?” माझेही हात दर खेपेस नमस्कारासाठी वर येऊ पाहत. मी ते पाठीमागे बांधून इतर प्रेक्षकांसारखा उभा राहत असे, आणि त्याचा मला लवकर सराव झाला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांची थोरली बहीण आली. पांढरे लुगडे, ताठ कणा, हातात पिशवी. तिने सारे दालन फिरून पाहिले. चौथऱ्यापाशी आली, आणि तो तांबडा आकार पाहून तिची भिवई चढली. “हे काय करून ठिवलास?” तिने विचारले. सर शाळकरी मुलासारखे म्हणाले, “आक्का, ही आईच्या बांधाची माती. मी नुसता गोळा केला. बाकी गुरुजींनी.” तिने माझ्याकडे रोखून पाहिले. मी सर्व काही सांगितले, माझ्या चुकीसह; विद्यार्थ्याचे पत्रसुद्धा सांगितले. तिने मध्ये एकदाही अडविले नाही. संपल्यावर विचारले, “तेवीस वर्सं? रोज?” मी म्हणालो, रोज फूल, तेल मंगळवारी. ती म्हणाली, “आमच्या आईनं ह्याच्या डोस्क्याला एवढं तेल लावलं न्हाई. म्हणून तर ह्याचं डोस्कं असं झालं.” सगळे हसले, सरही हसले. मग तिने पिशवी खाली ठेवली, बोट पुढे केले आणि चांदीच्या डोळ्यांच्या मागे, जेथे शेंदूर पातळ होता, तेथे नखाने हळूच टोकरले. आतली काळी माती दिसली. ती तिने बोटावर घेऊन पाहिली, पदराला पुसली नाही. मूठ मिटून घेतली आणि खुर्चीवर जाऊन बसली. हसली नाही. सरांना त्याहून अधिक काही नको होते, असे मला वाटते. कारण त्यानंतर ते चौथऱ्याशेजारी उभे राहिनासे झाले.

प्रदर्शन संपले तेव्हा महाविद्यालयाने ती वस्तू कायमची मागितली. सरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “ती तुमची आहे.” त्यांनी ती दिली, आणि नेहमीप्रमाणे मागे न पाहता निघाले.

परतीला आम्ही टेम्पोने आलो. मागे गोठ्याचे दार आणि मांजरपाटाची गुंडाळी, पुढे आम्ही. शेवटपर्यंत राहिलेल्या आक्काला सोडावयाचे म्हणून जळकोटवरून आलो. तिच्या गावाजवळ एका ओढ्यापाशी सरांनी गाडी थांबवावयास लावली आणि पायजमा वर करून ते पाण्यात उतरले. दगड उचलीत, फिरवून पाहत, आणि टाकून देत. आक्का काठावरून म्हणाली, “आता दगूड कशाला? तुझ्या घरात कमी हायती का?” ते पाण्यातूनच म्हणाले, “गुरुजींची जागा रिकामी हाय.” मी म्हणू लागलो की सर, याची काही गरज नाही. त्यांनी ऐकले नसल्यासारखे केले. आक्का पाण्याच्या कडेपर्यंत खाली आली. मग बोटाने दाखवून म्हणाली, “तो न्हाई. त्याच्या पल्याडचा घे. तो बसका हाय, हलायचा न्हाई.”

त्यांनी तो घेतला. ओढ्यातच धुतला, आपल्या उपरण्याने कोरडा केला आणि मला म्हणाले, “ह्याला मी काही करणार न्हाई गुरुजी. जसा हाय तसा. पुढचं तुमचं.” टेम्पोत बसल्यावर मी म्हणालो, खाली पायाशी ठेवा, जड आहे. “असू द्या,” ते म्हणाले आणि तो मांडीवर घेऊन बसले. दुपारची वेळ, दहा दिवसांचा शीण. थोड्याच वेळात त्यांची मान कलली. वयपरत्वे आता आम्हा दोघांनाही प्रवासात झोप लागते, पण त्या दिवशी मी जागा होतो. मध्ये मध्ये गावे लागत. गाडी गतिरोधकावरून उसळली की त्यांचे डोळे उघडण्याआधी त्यांचा हात त्या दगडावर जात असे.